श्रीखंडाच्या डब्यातली गिटार

गेल्या रविवारी एक गृहस्थ माझी गिटार बघायला आले. वय तिशीच्या आतबाहेर, पाठीवर लॅपटॉपची सॅक, बोलणं अदबीचं. मी सकाळीच नव्या तारा चढवल्या होत्या, गिटार ॲम्पला जोडून ठेवली होती, चहाचं आधणही टाकलं होतं. त्यांनी सॅकमधून आधी टॉर्च काढला, मग स्क्रू-ड्रायव्हरचा संच, आणि मग भिंग. घड्याळजी डोळ्याला लावतो तसलं.

"सर, नेक काढून बघितला तर चालेल?"

म्हटलं, बघा. वायर काढली, तारा सैल झाल्या, चार स्क्रू निघाले, नेक हातात आला. टाचेवरच्या तारखेचा फोटो झाला. मग पिकगार्ड उघडलं. आवाज कमीजास्त करायच्या बटणाखाली जो पॉट असतो, त्याच्या पाठीवर बारीक आकडे ठोकलेले असतात. १३७ ने सुरुवात असली की तो सीटीएस कंपनीचा, आणि शेवटचे आकडे वर्षाचे नि आठवड्याचे. तेही भिंगातून वाचून झाले. चाळीस मिनिटं हे चाललं. तेवढ्यात चहा दोनदा झाला, ॲम्पचा लाल दिवा बिचारा जळत राहिला, आणि या माणसाने गिटार एकदाही मांडीवर घेतली नाही. सात-बारा तपासायला आलेला माणूस वावरात उतरत नाही, हे मलाही कळतं. पण तो निदान 'मी हाडाचा शेतकरी आहे' असं फोनवर सांगून येत नाही.

शेवटी पोस्टमॉर्टेमचा अहवाल आला. "नट बदललाय. फ्रेट्स बदलल्यात. पिकअप तिन्ही बदललेत, स्विच बदललाय. आणि ब्रिजपाशी लाकूड कोरलंय." मग आवाज खाली आणून, "वाईट वाटून घेऊ नका सर, पण ओरिजिनल असं काही राहिलंच नाही. निम्म्यात बसेल."

वाईट वाटून घेतलं नाही. राग आला. तो अजून उतरलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

तर ही गिटार म्हणजे कॅलिफोर्नियातल्या कोरोनाच्या कारखान्यात बनलेली, १९६२ च्या धाटणीची फेंडर स्ट्रॅटोकास्टर. २०११ साली अमेरिकेहून परत आलेल्या एकाकडून मी ती साठ हजारांना घेतली. दोन सीझनच्या ऑर्केस्ट्राची कमाई त्यात गेली. तेव्हा ती शंभर टक्के ओरिजिनल होती आणि वाजवायला वैताग होती. जुन्या धाटणीचा फ्रेटबोर्ड सव्वासात इंच त्रिज्येचा, म्हणजे चांगलाच गोल. त्यावर तारा खाली घेतल्या आणि पहिली तार दोन स्वर वर खेचली की ती पुढच्या फ्रेटला घासून जागीच मरायची. नटच्या खाचा उथळ होत्या, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर एफ धरला की बोटंही दुखायची आणि सूरही चढायचा. पुण्यातल्या पहिल्याच जुलैत नेक वाकला, आणि डिसेंबरात लाकूड आक्रसल्यावर फ्रेटची टोकं तळहाताला करवतीसारखी लागायला लागली. मी हाडाचा नट घातला. फ्रेटबोर्ड थोडा सपाट करवून स्टेनलेस स्टीलच्या उंच फ्रेट्स टाकून घेतल्या. गणपतीच्या मंडपात ट्यूबलाइटच्या चोकांखाली ब्रिजचा पिकअप मधमाश्यांसारखा घोंघावायचा, म्हणून तिथे हंबकर जातीचा पिकअप बसवला, आणि तो बसावा म्हणून पटाशीने लाकूड कोरलं. घरच्या बाल्कनीत, स्वतः. एक कोपरा चुकलाही. तो पिकगार्डखाली झाकला जातो. आमच्या गृहस्थांनी भिंगातून तोही टिपला.

यातल्या प्रत्येक कामाला एक कारण होतं आणि ते कारण वाजवण्यातून आलेलं होतं. बाजारात मात्र या सगळ्याला मिळून एकच शब्द आहे, 'मॉडिफाइड'. आरटीओचा माणूस बुलेटच्या सायलेन्सरकडे बघून उच्चारतो त्याच सुरात.

आणि ज्याला खरंच गिटार विकत घ्यायची असते, त्याने काय बघावं? नेक काढल्यावर त्याच टाचेवर, तारखेच्या बोटभर अंतरावर, ट्रस रॉडचं तोंड असतं. नेकच्या पोटातून जाणारी पोलादी सळई. तारांच्या ओढीला तोलून धरणारी. ती फिरत नसली, आटे गेलेले असले, तर गिटार मेली, मग तिच्यावर लिओ फेंडरने स्वतः सही का केलेली असेना. या बहाद्दराने तारखेचा फोटो काढला आणि ट्रस रॉड फिरतो का, हे विचारलंसुद्धा नाही.

मला एक सांगा. पुडी बदलली म्हणून कुणी तबल्याची किंमत पाडल्याचं ऐकलंय? शाई उडते, पुडी फाटते, नवी मढवून आणतात. एकाच खोडावर आजवर किती पुड्या चढल्या, याचा हिशेब जगात कुणी ठेवत नाही. किंवा मिरजेला जा. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांच्या हाताने सुरू झालेलं तिथल्या सतारमेकरांचं काम आजही चालू आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे दुरुस्तीला तंबोरा येतो तो कसा? भोपळ्याला तडा, एक खुंटी ढिली, आणि जवारी गेलेली. कारागीर घोडी समोर धरतो, तिची पाठ कानशीने आणि मग पॉलिश पेपरने घासतो, इतकी कमी की आपल्याला वाटावं नुसता हात फिरवला. तार चढवतो, ऐकतो, मान हलवतो, परत उतरवतो. त्या उतारावर तार कुठवर टेकते यावर तंबोरा बोलणार की नुसता टणटणणार हे ठरतं. यात अर्धा दिवस जातो. मग गवई येतो, तंबोरा मांडीशी घेतो, डोळे मिटतो आणि चार तारा छेडतो. घोडी मूळची की मागाहून घातलेली, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवतही नाही. भोपळा बदलावा लागला असेल तर पैसे जास्त झाले म्हणून कुरकुरेल, 'ओरिजिनॅलिटी गेली' म्हणून नाही.

गिटारचा नट म्हणजे दुसरं काय आहे? हाडाचा एवढासा तुकडा, सहा खाचा, आणि प्रत्येक खाचेचा उतार. मी तर त्याला जवारीच म्हणतो. पण ज्यांच्या घरात आजोबांचा तंबोरा खोळ घालून कोपऱ्यात उभा आहे, तीच नातवंडं इलेक्ट्रिक गिटार समोर आली की कान खुंटीला टांगतात आणि भिंग काढतात.

बरं, ज्याच्या नावाने हे सोवळं चालतं त्या लिओ फेंडरचं काय म्हणणं होतं? हा माणूस फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. कदाचित म्हणूनच तो वाजवणाऱ्यांचं ऐकायचा. त्याने नेक सरसाने चिकटवला नाही, चार स्क्रूंनी आवळला. बिघडला तर काढा, दुसरा लावा. १९५४ सालची स्ट्रॅट उघडली की रेडिओ मेकॅनिकचा हात स्पष्ट दिसतो: पिकअप, पॉट, स्विच सगळं पिकगार्डवर बसवलेलं, स्क्रू काढले की अख्खा संसार एका हातात. रंगही पुढे मोटारींचेच वापरले. म्हणजे ही चीज जन्मापासून स्कूटर आहे, आणि आपण तिला देव्हाऱ्यात बसवून हळदकुंकू वाहतोय.

स्विचचीच गोष्ट घ्या. लिओने स्ट्रॅटला तीन घरांचा स्विच दिला. एका वेळी एक पिकअप, विषय संपला. वाजवणाऱ्यांना मात्र शोध लागला की दांडी दोन घरांच्या मधोमध अलगद अडवली तर दोन पिकअप एकदम लागतात आणि एक वेगळाच, पोकळ, टुणटुणीत आवाज येतो. वर्षानुवर्षं लोक ती दांडी मध्ये अडवून वाजवत राहिले. शेवटी १९७७ साली कंपनीनेच पाच घरांचा स्विच द्यायला सुरुवात केली. आज स्ट्रॅटचा म्हणून जो आवाज जगाला माहीत आहे, त्यातला निम्मा या बेकायदा दांडीतून आलेला आहे. मी माझा तीन घरांचा स्विच काढून पाच घरांचा बसवला, तर तो अपराध.

हे मी त्या गृहस्थांना सांगितलं. शिवाय गिटारवादक डेव्हिड गिल्मरचंही सांगितलं. त्याने १९७० साली न्यू यॉर्कच्या मॅनीज दुकानातून घेतलेली काळी स्ट्रॅट; तिचे नेक बदलले, पिकअप बदलले, पिकगार्ड बदललं, दुसऱ्याच कंपनीचा ट्रेमोलो बसवला, तो काढून पुन्हा जुन्या पद्धतीचा लावला. तिला जून २०१९ मध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात ३९ लाख ७५ हजार डॉलर आले. एरिक क्लॅप्टनची 'ब्लॅकी' तर तीन जुन्या गिटारींचे सुटे भाग जमवून केलेली. २००४ मध्ये तिला साडेनऊ लाख डॉलरच्या वर मिळाले.

"ते गिल्मर आहेत, सर."

अगदी बरोबर. म्हणजे भोकाला भाव नाही, भोक पाडणाऱ्याला आहे. मग तसं म्हणा. पण मग 'वाद्याचा अस्सलपणा जपतो' हा आव आणू नका. शेअर बाजारात बसलेल्या माणसाने देवळात बसल्यासारखं बोलू नये.

गिटारवादक पीटर ग्रीनची गिब्सन लेस पॉल हे माझं सगळ्यात आवडतं उदाहरण. १९५८ ते १९६० मधल्या या सनबर्स्ट लेस पॉल तेव्हा खपत नव्हत्या. गिब्सनने कंटाळून १९६१ मध्ये आकारच बदलला. पुढे इंग्लंड-अमेरिकेतल्या पोरांनी त्या सेकंडहँड उचलल्या, रेटून वाजवल्या, आणि त्या आवाजाने जग वेडं झालं तेव्हा दलाल जागे झाले. आज त्याच गिटारी लाखो डॉलरच्या तिजोऱ्यांत पडून आहेत. तर पीटर ग्रीनच्या गिटारीतल्या एका पिकअपचं लोहचुंबक उलटं बसलं होतं. त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र लावले की एकमेकांचे काही सूर खायचे आणि आवाज नाकातून यायचा. शुद्ध बिघाड. पण त्या माणसाने त्या बिघाडात गळा शोधला. गिटार पुढे गॅरी मूरकडे गेली, आता मेटालिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे, आणि जगभरचे लोक चांगल्या पिकअपचं चुंबक पैसे मोजून उलटं करून घेतात. कुणी भिंगवाला त्या काळी ग्रीनकडे गेला असता तर म्हणाला असता, पिकअप सदोष आहे, निम्म्यात बसेल.

आणि ब्रायन मे! आमच्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बलसारा पुढे फ्रेडी मर्क्युरी झाला, आणि त्याच्या शेजारी उभं राहून हा उंच माणूस आयुष्यभर जी गिटार वाजवत राहिला ती त्याने नि त्याच्या वडिलांनी १९६३ पासून घरी बसून केलेली. नेक जुन्या शेकोटीच्या लाकडाचा, ट्रेमोलोच्या स्प्रिंगा मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या, फ्रेटबोर्डवरचे ठिपके शिंपल्याच्या बटणांचे. हिचा सात-बारा काढायचा तर भंगारवाल्याकडे अर्ज करावा लागेल.

इथवर निदान हसता येतं. पुढचं मला हसून सोडता येत नाही.

१९९५ साली फेंडरने 'रेलिक' नावाचा प्रकार बाजारात आणला. नवी कोरी गिटार घ्यायची, तिचा रंग घासायचा, टवके उडवायचे, पत्रे गंजवायचे, आणि कोऱ्या गिटारीपेक्षा जास्त पैसे लावायचे. आयर्लंडच्या रोरी गॅलाघरची १९६१ सालची स्ट्रॅट घामाने इतकी सोलली होती की तिच्यावर रंग नावालाच उरला होता. रात्रीमागून रात्री, वर्षामागून वर्षं त्या माणसाच्या घामाने तो गेला. कंपनीने त्या गिटारीचीही हुबेहूब नक्कल काढली. दुसऱ्याच्या घामाचे डाग, ऑर्डरप्रमाणे. आपल्याकडे नव्या घराला मुद्दाम ओल आणून कुणी 'वाड्याचा फील' म्हणत असेल तर कळवा. जीन्स फाडून विकतात हे मान्य, पण निदान फाटक्या जीन्सवाला स्वतःच्या गुडघ्यावर पडून फाटलेल्या जीन्सला हिणवत नाही. इथे तेच चालतं. कारखान्यात कामगाराने पॉलिश पेपर मारला तर ते 'एजिंग', माझ्या पट्ट्याच्या बकलने बारा वर्षांत ओरखडे पडले तर ते 'डॅमेज'.

या बाजारात एक शब्द आहे, 'प्लेअर ग्रेड'. जी गिटार पुरेशी ओरिजिनल नाही, घासलेली आहे, फ्रेट्स बदललेल्या आहेत, ती प्लेअर ग्रेड. म्हणजे वाजवणाऱ्याच्या लायकीची. म्हणजेच खालच्या दर्जाची. वाद्यांच्या बाजारात 'वाजवणारा' हा शब्द हलक्या मालाला लावतात, आणि आपण तो न अडखळता उच्चारतो. 'खाण्याच्या दर्जाचा आंबा' असं म्हणून देवगडला कुणी भाव पाडून बघावा.

२०२० साली टाळेबंदीत ऑर्केस्ट्रा बंद पडले. लग्नं नाहीत, मंडप नाहीत, कंपन्यांचे वार्षिक सोहळे नाहीत. माझ्या ओळखीच्या एका गिटारवाल्याने वीस वर्षं वाजवलेली जपानी स्ट्रॅट विकायला काढली. पहिला फोन मला केला. मी म्हटलं, "बघतो." या एका शब्दावर आपण मराठी लोकांनी किती जणांना वाटेला लावलं असेल कुणास ठाऊक. मला त्या गिटारीचा कण न् कण माहीत होता. उजव्या कोपराखाली रंग जाऊन लाकूड उघडं पडलेलं. नेकची पाठ तळहाताने पॉलिश केल्यासारखी. जॅकचा पत्रा एकदा नाशिकच्या कार्यक्रमाआधी गाडीतच वाकला होता. तो मी पकडीने सरळ केला होता आणि पकडीचे दात त्यावर उमटले होते.

मी बघत राहिलो आणि एका 'कलेक्टर' साहेबांनी ती अठरा हजारांना नेली. नेताना ऐकवलं ते असं: फ्रेट्स संपल्यात, पॉट खरखरतात, रंग उडालाय, प्लेअर ग्रेड आहे, अडचणीत आहात म्हणून घेतोय. तीन महिन्यांनी तीच गिटार विक्रीला निघालेली माझ्या पाहण्यात आली. बेचाळीस हजार. वर्णन: 'नॅचरल रेलिक. खऱ्याखुऱ्या स्टेजवर वाजलेली. प्रचंड मोजो.' फ्रेट्स त्याच, खरखर तीच. फोटो मोठा करून बघितला तर जॅकच्या पत्र्यावर माझ्या पकडीचे दात. घेताना जो डाग होता तो विकताना इतिहास झाला होता, आणि ज्याच्या कोपराने तो इतिहास घासून काढला होता तो तेव्हा एका सोसायटीत भाजीच्या ऑर्डरी पोचवत होता. मी त्याला अजून त्या जाहिरातीबद्दल सांगितलेलं नाही. 'बघतो' म्हणणाऱ्याला तो अधिकार नाही.

म्हणूनच वाजवणारे म्हणजे सगळे साधुसंत, असं माझं मुळीच म्हणणं नाही. आमच्या खुळांची यादी काढली तर भिंगवाले परवडले.

मीच सांगतो. स्ट्रॅटच्या टोनच्या पॉटला एक कपॅसिटर लावलेला असतो. काही वर्षांपूर्वी मला कुणीतरी पटवलं की साध्या कपॅसिटरने आवाज 'निर्जीव' होतो, तेलात भिजवलेल्या कागदाचा, जुन्या धर्तीचा हवा. परदेशातून येणाऱ्या एका नातेवाइकाला गळ घालून मी तो मागवला. अठ्ठावीसशे रुपये पडले. लावला. आवाज एकदम उबदार झाला. मित्राला बोलावून ऐकवला, त्यालाही उबदार लागला. मग एका दुष्ट पुतण्याने दोन्ही कपॅसिटर एका छोट्या स्विचला जोडले आणि आम्हा दोघांना भिंतीकडे तोंड करून बसवलं. वीस वेळा त्याने स्विच फिरवला किंवा फिरवल्याचं नाटक केलं. आम्ही नाणं उडवून उत्तरं दिली असती तरी तेवढीच बरोबर आली असती. कारण सोपं आहे. सारख्या क्षमतेचे कपॅसिटर इथे सारखंच काम करतात. ०.०२२ मायक्रोफॅरडच्या जागी ०.०४७ चा घातलात तर पॉट खाली आणल्यावर फरक ऐकू येईल, पण पोटात तेल आहे की प्लॅस्टिक याच्याशी तारेला कर्तव्य नाही. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जा, '४७३' छापलेला पॉलिस्टरचा कपॅसिटर मागा. ते म्हणजेच ०.०४७. दुकानदार मान वर न करता विचारतो, "किती डझन?"

दुसरं पाप याहून मोठं. मधला आणि वरचा पिकअप मी एकदा नव्हे, दोनदा बदलला. कारण घरी वाजवताना एक भुणभुण यायची आणि तारांना हात लावला की कमी व्हायची. हात लावल्यावर भुणभुण कमी होते म्हणजे दोष अर्थिंगच्या किंवा शिल्डिंगच्या बाजूला शोधायचा, हे इलेक्ट्रिकचं पहिलीतलं पुस्तक. पण माझं डोकं टोनमध्ये अडकलेलं. तेरा-चौदा हजार रुपये दोन वर्षांत पिकअपवर घातले. शेवटी फ्रीज बसवायला आलेल्या वायरमनने भिंतीवरचा बोर्ड उघडला आणि सांगितलं, "काका, या थ्री-पिनला अर्थिंग जोडलेलंच नाही." तीनशे रुपये घेतले आणि भुणभुण बसली. तोवर मूळचे पिकअप डब्यात गेले होते, आणि नवे बरे वाजत होते म्हणून मी ते राहू दिले. असं मी स्वतःला सांगतो. खरं कारण, परत बदलले असते तर घरी कबुली द्यावी लागली असती.

लाकडाबद्दलही दोन शब्द, कारण 'रोझवूडच आहे ना?' हाही प्रश्न मला विचारला गेला. ज्याला हे लोक तोंडभर 'इंडियन रोझवूड' म्हणतात तो आपला शिसव. सह्याद्रीतला, आजीच्या कपाटाचा. २०१७ च्या सुरुवातीला शिसवाच्या जातीच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय निर्बंध आले. कंपन्यांनी काही गिटारींवर दक्षिण अमेरिकेतलं पाऊ फेरो हे लाकूड वापरलं. २०१९ अखेर तयार वाद्यांना सूट मिळाली. एवढ्या कागदी उलाढालीवर 'पाऊ फेरोवाली नको, आवाज मार खातो' असं शास्त्र उभं राहिलं. शिसवाच्या पोळपाटावर पोळ्या लाटत वाढलेल्या माणसांनी हे ऐकून घ्यावं! तसाच 'लॉसूट' नावाचा एक शिक्का. १९७७ साली गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर दावा लावला, तोही गिटारीच्या डोक्याच्या आकारावरून, आणि तो आपसात मिटला. आज सत्तरच्या दशकातलं जपानी काहीही, अगदी बुरशी आलेलं असलं, तरी 'लॉसूट' म्हणून दीडपट भावाने पुढे सरकवतात.

पण मुख्य राहिलंच. डबा.

इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्या प्रत्येकाच्या घरात एक डबा असतो. माझा वारणा श्रीखंडाचा, किलोचा. त्यात मूळचे तीन पिकअप, तीन घरांचा स्विच, प्लॅस्टिकचा नट, कपॅसिटर, प्रत्येक स्क्रू वेगळ्या पुडीत बांधलेला. मूळचं पिकगार्ड डब्यात मावत नाही, ते वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर. हे कशासाठी? तर कधी विकायची झाली तर सगळं पहिल्यासारखं करून देता यावं. म्हणजे साठ हजार मोजून घेतलेल्या गिटारीत मी भाडेकरूसारखा राहत होतो. खिळा ठोकायचा तर हळूच, रंग लावायचा तर घरमालकाला आवडेल असा, आणि जाताना भिंती होत्या तशा करून द्यायच्या. घरमालक कोण? तर जो अजून आलेलाच नाही. बारा वर्षं मी एका अनोळखी माणसाची अमानत श्रीखंडाच्या डब्यात सांभाळत होतो, आणि तो रविवारी टॉर्च घेऊन आला.

"ओरिजिनल पार्ट्स ठेवलेत का काही?" त्याने निघता निघता विचारलं.

मी डबा आणला. झाकण उघडलं आणि सकाळपासून पहिल्यांदा त्या माणसाचा चेहरा फुलला. पिकअप उलटे करून बघितले, तळाची तारीख भिंगातून वाचली, स्विचची दांडी कटकट फिरवून पाहिली. म्हणाला, "सर, एकदम मिंट आहेत." असणारच. वाजलेच नव्हते.

मग घसा साफ करून त्याने विचारलं, "गिटार राहू द्या तुमच्याकडे. हे वेगळे द्याल?" कुणीतरी दुसऱ्याने अशीच गिटार 'खराब' केली होती म्हणे, आणि ती त्याला पूर्ववत करायची होती. घासाघीस झाली. चौदा हजारांवर सौदा ठरला, पिकगार्डसकट. त्याने तिथल्या तिथे फोनवरून पैसे पाठवले. सुटे भाग मी त्याला कागदात बांधून दिले. डबा दिला नाही, बायको मागेल. माझ्या गिटारीचा नेक त्याने परत बसवून दिला, स्क्रू चारही नीट आवळले, तारा तेवढ्या लोंबत राहिल्या.

सॅक पाठीला लावून दारात बूट घालताना त्याची नजर खोलीतल्या लाल दिव्याकडे गेली.

"सर, तो ॲम्प चालूच होता का?"